आदल्या रात्रीचं काम

किराणा दुकानात एक आजी नाश्त्याच्या सीरियलचा खोका हातात धरून उभ्या होत्या. खोक्यावर नाचणीची तपकिरी कणसं, दुधाचा पांढराशुभ्र शिडकावा आणि ठळक अक्षरांत 'नाचणी'. त्यांनी गल्ल्यावरच्या मुलाला विचारलं, "यात नाचणी किती आहे रे?" तो म्हणाला, "आजी, नाचणीचंच आहे ते. वर लिहिलंय बघा ना." आजींनी खोका उलटा केला, बारीक अक्षरांपाशी चष्मा नेला, थोडा वेळ पाहिलं आणि खोका परत फळीवर ठेवून दिला. नातवंडासाठी घ्यायचा होता की स्वतःसाठी, कोण जाणे. प्रश्न मात्र नेमका होता, आणि उत्तर न मिळताच त्या गेल्या, हे काही केल्या मनातून जाईना.

उत्तर खोक्यावरच छापलेलं असतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, आणि ज्या घटकाचं नाव किंवा चित्र पुढे मिरवलं असेल त्याची टक्केवारीही सांगावी लागते. म्हणजे मागची बाजू वाचताना आधी पहिले तीन शब्द पाहायचे. तिथे तांदळाचं किंवा गव्हाचं पीठ, मग साखर आणि त्यानंतर 'नाचणीचं पीठ १२ टक्के' असं असेल, तर हिशोब सोपा आहे. ३० ग्रॅमच्या वाटीत नाचणी साडेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा जेमतेम चमचाभर. साखरेचा आकडा १०० ग्रॅमला २८ असेल, तर त्याच ३० ग्रॅममध्ये ती आठ ग्रॅमहून जास्त भरते, म्हणजे जवळपास दोन चमचे. दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. एक तृतीयांश वाटा सकाळी आठलाच संपला. शिवाय ३० ग्रॅम हे माप खोक्याचं आहे, मुलांच्या भुकेचं नाही. वजनकाट्यावर एकदा ३० ग्रॅम मोजून बघावं. बाऊलचा तळ झाकला जाईल, इतकंच ते असतं.

तरी खोक्याला सरसकट नावं ठेवायला मन धजत नाही. अशा सीरियलमध्ये लोह, ब गटातली जीवनसत्त्वं आणि फॉलिक ॲसिड वरून मिसळलेलं असतं, आणि त्याचा उपयोग होतो. अमेरिकेत १९९८ पासून पिठासारख्या धान्याच्या पदार्थांत फॉलिक ॲसिड घालणं बंधनकारक झालं आणि मज्जारज्जूचा दोष घेऊन जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथे खरोखर घटलं. ज्या मुलाच्या पोटात एरवी सकाळी चहा-बिस्किटाखेरीज काही जात नाही, त्याला दुधासकट ही वाटी मिळाली तर फरक पडतोच. दूध हा या वाटीतला सगळ्यात भरवशाचा भाग. २०० मिलिलिटर दुधात साधारण सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि सव्वादोनशे-अडीचशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. 'सीरियलमुळे' म्हणून जे फायदे सांगितले जातात, त्यांतला मोठा हिस्सा खरं तर दुधाचा असतो.

या पदार्थाचा उगम पाहिला की एक गोष्ट लक्षात राहते. १८६३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथे जेम्स केलेब जॅक्सन या आरोग्यधाम चालवणाऱ्या गृहस्थांनी गव्हाच्या जाड्या पिठाचे तुकडे दोनदा भाजून 'ग्रॅन्युला' नावाचा नाश्ता तयार केला. तो इतका टणक असे, की रात्रभर दुधात किंवा पाण्यात भिजवल्याशिवाय दाताला दाद देत नसे. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला डॉ. जॉन हार्वे केलॉग आणि त्यांचे धाकटे भाऊ विल कीथ यांनी शिजवलेलं धान्य रुळांतून काढून, भाजून त्याचे पातळ पापुद्रे केले. १८९६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, १९०६ मध्ये धाकट्याने स्वतःची कंपनी काढली. डॉक्टरांना साखर नको होती, धाकट्याला विक्री दिसत होती. पातळ पापुद्र्याने मोठी सोय केली, ती म्हणजे रात्रीची भिजवणी वाचवली. आता सकाळी उठायचं, ओतायचं, खायचं. भारतात ही कंपनी १९९४ मध्ये आली, तळोज्याला कारखाना उभा राहिला, आणि आपल्या घरांनी त्या पापुद्र्यांवर सवयीप्रमाणे गरम दूध ओतलं. गार दुधासाठी बनवलेला तो कुरकुरीत पापुद्रा गरम दुधात बघता बघता मऊ पडला. लोकांना ते आवडलं नाही. पण सकाळी पोटात ऊन-ऊन काहीतरी जावं ही आपली ओढ किती खोल आहे, ते त्यातून दिसलं.

सोय झाली, पण ती फुकट नव्हती. धान्य जितकं दळलं, शिजवलं, दाबलं आणि भाजलं जातं तितका त्यातला स्टार्च मोकळा होतो आणि पोटात गेल्यावर त्याची साखर लवकर होते. कॉर्नफ्लेक्सचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते याचं माप (ग्लुकोजचं १००), ८० च्या आसपास मोजला गेला आहे. जाड्या ओट्सची शिजवलेली खीर ५५ च्या जवळ, आणि तेच ओट्स 'इन्स्टंट' करून विकले की पुन्हा ७९ च्या घरात. धान्य तेच, कोंडाही जवळपास तोच. बदल झाला तो कणाच्या जाडीत. मधुमेह असलेल्या माणसाने ओट्स सुरू केले आणि साखर उतरली नाही म्हणून वैतागला, तर आधी त्याच्या डब्यातले ओट्स चिमटीत घेऊन पाहावेत. पिठासारखा चुरा होत असेल तर दोष तिथेच आहे. ओट्सचा खरा गुण आहे तो बीटा-ग्लुकन या चिकट तंतूचा. दिवसाला तो तीन ग्रॅम पोटात गेला तर वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. पण तीन ग्रॅमसाठी कोरडे ओट्स ७५ ग्रॅम लागतात. दह्यावर भुरभुरवलेल्या दोन चमच्यांनी ते होत नाही.

आता नाचणी.

१०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर, पॉलिश केलेल्या तांदळात दहासुद्धा नाही. तंतू ११ ग्रॅम, तांदळात तीनच्या आत. या आकड्यांवर नाचणीची सगळी कीर्ती उभी आहे आणि ती योग्यच आहे. पण वाटीत पडते ती ३० ग्रॅम, मोठा माणूस असेल तर ४०. ३० ग्रॅममधून कॅल्शियम मिळतं ११० मिलिग्रॅमच्या आसपास. पेलाभर दुधाबरोबर मिळून ते तीनशेच्या वर जातं आणि दिवसाच्या हजाराच्या गरजेतला चांगला तिसरा हिस्सा भागतो. लोहाचं गणित मात्र तसं जुळत नाही. त्याच ३० ग्रॅममध्ये लोह दीड मिलिग्रॅमहूनही कमी आहे आणि बाईची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम धरलेली आहे. 'रक्त वाढायला नाचणी खा' हा सल्ला फार प्रेमाने दिला जातो. पण हिमोग्लोबिन आठवर आलेल्या मुलीला केवळ त्यावर ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला डॉक्टरांकडून गोळ्या हव्यात. नाचणी सोबतीला असू द्यावी.

त्यातही जेवढं खनिज पिठात आहे तेवढं शरीराला मिळतंच असं नाही. धान्याच्या कोंड्यात फायटिक ॲसिड असतं, ते लोह, जस्त आणि कॅल्शियम धरून ठेवतं. नाचणीच्या तांबूस सालीतली टॅनिन ही तुरट द्रव्यंही लोहाला अडवतात. धान्य भिजलं, त्याला मोड आले किंवा ते आंबलं की फायटेज नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि ही मिठी सैल करू लागतं. आपल्या जुन्या स्वयंपाकघरांत सकाळच्या धान्याची सुरुवात आदल्या रात्री का होत असे, याचं मला तरी हेच उत्तर पटतं. आंबील, कण्या, मोडाचं पीठ, या सगळ्यांत रात्रीचा हात आहे. कुणाला फायटिक ॲसिड ठाऊक नव्हतं. पोटाला काय सोसतं ते मात्र ठाऊक होतं.

मोडाचं पीठ करताना घाई झाली की बिघडतं, म्हणून ते जरा सविस्तर. किलोभर नाचणी निवडून, तीन-चार पाण्यांत रोळून घ्यायची, म्हणजे बारीक खडे तळाशी राहतात. आठ-दहा तास भिजवायची, उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदलायचं. मग चाळणीत टाकून पाणी पूर्ण निथळू द्यायचं. बहुतेकांचं पीठ बिघडतं ते इथे. ओलसर दाण्याला मोड येतो, पाण्यात बसलेला दाणा कुजतो, कारण मोड येताना दाणा श्वास घेत असतो आणि त्याला हवा लागते. ओल्या पण पिळलेल्या सुती फडक्यात सैल बांधून ठेवायचं, दिवसातून दोनदा उघडून हाताने खालीवर करायचं. गाठोड्याच्या मधोमध हात घातला की उष्णता जाणवते, ती मोकळी केली नाही तर आतला भाग बुळबुळीत होतो आणि आंबूस वास सुटतो. उन्हाळ्यात २४ तास पुरतात, थंडीत ३६ ते ४८. पांढरे कोंब अर्ध्या सेंटीमीटरच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत. कुठे हिरवी-काळी बुरशी दिसली तर तेवढीच काढून बाकीची वापरायची नाही, सगळी टाकून द्यायची. जीवावर येतं, पण लहान बाळाच्या तोंडी जाणारं पीठ आहे. पुढे एक-दोन दिवस वाळवायचं, दाताखाली दाणा कट्कन फुटला की वाळला. तळहातांत चोळून सुकलेले कोंब पाखडून टाकायचे, ते राहिले तर पीठ कडवट लागतं. मंद आचेवर हलकं भाजायचं, खमंग वास सुटला की उतरवायचं. पण दाणे काळपट होईतो भाजले तर मोडांत तयार झालेलं अमायलेज हे विकर मरतं आणि मग एवढ्या खटपटीतला अर्धा लाभ गेला.

त्या अमायलेजचं काम डोळ्यांनी पाहता येतं. साध्या नाचणीच्या पिठाची घट्टसर खीर शिजवून थोडी निवू द्यावी आणि तिच्यात मोडाच्या पिठाचा एक चमचा घालून ढवळावं. पाचेक मिनिटांत चमच्याला चिकटलेली खीर ओघळू लागते. लांबलचक स्टार्चचे तुकडे झालेले असतात. याचं मोल सहा महिन्यांवरच्या बाळाला आहे. त्याचं पोट एवढंसं, आणि घट्ट घास त्याला गिळवत नाही. मग आई पाणी वाढवत जाते आणि वाटी भरते ती पाण्याने. मोडाचं पीठ असेल तर तेवढ्याच वाटीत जास्त धान्य मावतं आणि तरी ते घशाखाली उतरतं. वरून पीठ मिसळल्यावर खीर पुन्हा दोन मिनिटं उकळून घ्यावी, म्हणजे कच्च्या पिठातले जंतू राहत नाहीत. वर्षाच्या आत साखर-मीठ नको, थोडं तूप चालतं.

काही घरांत नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून खाली बसलेला पांढरट गाळ वाळवतात आणि त्याचं सत्त्व बाळाला देतात. रंग सुंदर, पोत रेशमी, पचायला हलकं, आजारपणात उपयोगी. पण नाचणीचं कॅल्शियम आणि तंतू मुख्यतः सालीत असतात आणि साल तर फडक्यात चोथ्याबरोबर राहिली. धडधाकट मुलाला रोज हेच देत राहण्यात अर्थ नाही. त्याला मोडाचं, सालीसकट, बारीक चाळलेलं पीठ द्यावं.

मोठ्यांसाठी आंबील. रात्री दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी पाण्यात कालवून, त्यात चमचाभर आंबट ताक घालून झाकून ठेवायचं. सकाळी वर पाणी सुटलेलं दिसतं, किंचित आंबूस वास येतो, एक-दोन बुडबुडे असतात. दीड वाटी पाणी उकळून त्यात हे कालवलेलं पीठ ढवळत धार धरून सोडायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात कधी टाकू नये. गुठळीचं बाहेरचं आवरण क्षणात शिजतं, आत पाणी शिरत नाही आणि मधे कोरडं पीठ तसंच राहतं. मग कितीही घोटा, ती फुटत नाही. मंद आचेवर सहा-सात मिनिटांनी रंग गडद होतो, वर चकाकी येते, कच्चा वास जातो. उतरवून कोमट होऊ द्यायची आणि मगच ताक घालायचं, कढत असताना घातलं तर फाटतं. मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. पहिला घोट खरखरीत लागतो, मागून ताकाचा आंबटपणा येतो आणि लसूण नाकात रेंगाळतो. गूळ-दुधाच्या गोड खिरीपेक्षा मला ही आंबील नेहमीच जास्त प्रामाणिक वाटते.

ज्वारीच्या कण्यांची गोष्ट वेगळी. ज्वारी नुसत्या पाण्यात शिजली की तिच्यातली प्रथिनं एकमेकांत अडकतात आणि पचायला अवघड होतात, इतर धान्यांत हे एवढं होत नाही. आंबवल्यावर हा तोटा बराच भरून निघतो. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात कण्यांना ताकाची सोबत आहे ती चवीपुरतीच नाही. वाटीभर जाडसर भरडलेल्या कण्या दोन वाट्या पाण्यात, दोन चमचे ताक घालून रात्रभर ठेवायच्या, सकाळी आणखी चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर अर्धा तास शिजवायच्या. दाणा बोटांत दाबला की मधे पांढरा ठिपका राहता कामा नये. राहिला तर पोट दुपारपर्यंत आठवण करून देतं. कोकणात आणि गोव्यात हीच सकाळची जागा उकड्या तांदळाच्या पेजेची. भात उकडून मग सडला की सालीजवळचं थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) आत झिरपतं, म्हणून साध्या पॉलिशच्या तांदळापेक्षा उकडा बरा. नुसती पेज साखर लवकर चढवते. तिच्याबरोबर भाजलेला सुका बांगडा, खोबऱ्याची चटणी किंवा उसळ असली की तो वेग मंदावतो.

आणि पोहे. त्यांना आजकाल उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं. पोह्यांत तंतू कमी आहेत हे खरं, म्हणून मूठभर शेंगदाणे, वाटाणे किंवा मोडाची मटकी घालावी. वर लिंबू आहे ते फार शहाणपणाचं आहे. त्यातलं क जीवनसत्त्व धान्यातलं लोह शोषून घ्यायला मदत करतं. मात्र कढईत फोडणीवर लिंबू पिळलं तर उष्णतेने ते कमी होतं, ताटलीत पिळावं. आणि त्याच ताटलीशेजारी चहाचा कप ठेवला की चहातले टॅनिन उलटं काम करतात. चहा तासभर पुढे ढकलणं हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड सल्ला आहे, याची पूर्ण कल्पना आहे.

सकाळी खाल्लं की वजन उतरतं, हे मात्र फारसं टिकत नाही. २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा नाश्ता करणारे दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्तच खातात असं दिसलं आणि न करणाऱ्यांचं वजन किंचित कमी भरलं. सीरियल खाणारे लोक निरोगी असतात असं सांगणारे अभ्यास पुष्कळ आहेत, पण असे लोक सहसा सिगारेटही कमी ओढतात आणि चालतातही जास्त, मग श्रेय वाटीला किती द्यायचं? अखंड धान्यातल्या तंतूंचं श्रेय त्यापेक्षा भक्कम आहे. रोजच्या आहारात तंतू दहा ग्रॅमने वाढले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका साधारण दहा टक्क्यांनी कमी दिसतो. म्हणजे प्रश्न सकाळी खावं की नाही हा नसून, खायचं असेल तर धान्य किती अखंड राहिलंय हा आहे.

एक गोष्ट मनाला खुपते. आदल्या रात्रीचं हे काम, भिजवणं, रोळणं, फडकं पिळणं, बहुतेक घरांत एकाच माणसाच्या अंगावर पडत आलं आणि ते माणूस बहुधा बाईच असायची. साडेसातची लोकल पकडणाऱ्या बाईने मुलांपुढे खोका ओतला, तर तिला पौष्टिकतेचं व्याख्यान देण्याचा अधिकार कुणालाच नाही. कण्या रात्री भिजवायला दोन मिनिटं लागतात आणि ती घरातल्या कुणालाही काढता येतात, बारा वर्षांच्या मुलालासुद्धा. माझा आग्रह असेल तर एवढाच, की भिजवणीचं पातेलं रात्री कुणी ठेवायचं याची पाळी लावावी. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवसासाठी साखर नसलेले जाडे ओट्स किंवा ज्वारीच्या लाह्या डब्यात असू द्याव्यात. गार दुधात लाह्या टाकल्या की लगेच खाव्यात, त्या लवकर मऊ पडतात; पण यादीत शब्द एकच असतो.

सुरुवात मात्र जपून करावी. मैदा-पाव-बिस्किटांवर राहिलेल्या पोटात एकदम वाटीभर कण्या गेल्या तर गॅस धरतो, पोट फुगतं आणि 'आपल्याला सोसत नाही' म्हणून माणूस कायमचा सोडून देतो. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या तंतूंची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात पाव वाटी, मग अर्धी, तीही ताकात पातळ करून, आणि दिवसभर पाणी नेहमीपेक्षा दोन पेले जास्त. मधुमेह असेल तर नवा नाश्ता सुरू केल्यावर पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजावी, सलग तीन-चार दिवस, त्याच मापाने. बाजरीचं पीठ वापरणार असाल तर आठवड्यापुरतंच दळून आणावं, बाजरीतल्या तेलामुळे ते लवकर कडवट होतं. नाचणीचं पीठ कोरड्या डब्यात महिनाभर सहज टिकतं.